रस्ता बंद, सौदा चालू: संकटकाळात करार कसे सांभाळावेत

जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीचा सगळा व्यवहार रस्त्यावर अवलंबून आहे. धुळे-सोलापूर महामार्ग इथूनच जातो आणि जालना-अंबडकडून येणारा रस्ताही इथेच मिळतो. पाचोडच्या बाजाराला निघालेली मोसंबी, अंकुशनगरच्या साखर कारखान्याला निघालेला ऊस, जिनिंगला निघालेला कापूस, दुकानांचा माल, लग्नाचे मांडव, सगळ्यांना हाच रस्ता लागतो. तो थांबला की इथले कितीतरी सौदे एकाच दिवशी अडचणीत येतात.

गेल्या काही वर्षांत तो अनेकदा थांबला. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. १ सप्टेंबर २०२३ रोजी शेजारच्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि पुढचे काही दिवस बंद, रास्ता रोको आणि एसटी बंद अशी स्थिती राहिली. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. जून २०२४ मध्ये ओबीसी आरक्षणाच्या प्रश्नावर खुद्द वडीगोद्रीत उपोषण झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, जायकवाडीतून मोठा विसर्ग सुटला आणि गोदाकाठ पाण्यात गेला. रस्ता सुरू असतानाही संकट येतं: २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, ती आठवण तर अजून ताजी आहे. आंदोलनांच्या मागण्यांबद्दल ज्याचं त्याचं मत असेल. पण माल पोचवायची तारीख, बँकेचा हप्ता आणि दिलेला इसार सगळ्यांचा सारखाच अडकतो.

अशा वेळी दोन गोष्टी हमखास घडतात. एक जण म्हणतो, ‘संकट आलं, आता सौदा संपला.’ दुसरा फोन उचलायचं बंद करतो. दोघांचंही नुकसान होतं, कारण कायदा संकटात फार थोडी सूट देतो. बाकीची सूट करारात आधी लिहून ठेवावी लागते, नाहीतर संकटाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत बोलून आणि लिहून मिळवावी लागते. हे कसं करायचं, तेच या लेखात सांगायचं आहे.

कायदा किती सूट देतो

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं कलम ५६ सांगतं की करार झाल्यानंतर ठरलेलं काम अशक्य झालं, किंवा आपल्या हातात नसलेल्या कारणानं बेकायदेशीर झालं, तर तो करार तिथून पुढे रद्द ठरतो. वाचायला हे सोपं वाटतं, पण न्यायालयांनी ‘अशक्य’चा अर्थ फार काटेकोर ठेवला आहे. महाग पडणं, उशीर होणं किंवा तोटा होणं म्हणजे अशक्य होणं नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांवरून हे स्पष्ट होतं. सत्यब्रत घोष खटल्यातली कलकत्त्याजवळची जमीन दुसऱ्या महायुद्धात सरकारनं तात्पुरती ताब्यात घेतली होती. प्लॉट विकणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की त्यामुळे करार संपला. न्यायालयानं १९५३ साली ते मान्य केलं नाही, कारण अडथळा तात्पुरता होता आणि काम पूर्ण करायला करारात कडक मुदत नव्हती. २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात इंडोनेशियाचा कोळसा महागल्यामुळे वीज कंपन्यांनी सवलत मागितली होती. खर्च वाढला म्हणून करार सुटत नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

टाळेबंदीतही तेच झालं. पोलाद आयात करणाऱ्या काही कंपन्या एप्रिल २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. टाळेबंदीमुळे धंदा बंद आहे, म्हणून कोरियातून निघालेल्या मालाचे पैसे बँकेनं देऊ नयेत, अशी त्यांची मागणी होती. ती फेटाळली गेली. करारातलं आपत्तीचं कलम फक्त विकणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं होतं, पोलादाचं वितरण अत्यावश्यक सेवेत मोडत होतं आणि टाळेबंदी मर्यादित काळापुरती होती. जालना हे पोलादाचं शहर असल्यानं इथल्या उद्योगांना हा निकाल जवळचा आहे. करारातलं एक कलम कोणाच्या बाजूनं लिहिलं आहे, याकडे सही करताना कोणी पाहत नाही. त्याची किंमत संकटात कळते.

गाळ्याच्या भाड्याला कलम ५६ लागतच नाही. भाडेकराराचा कायदा वेगळा आहे. टाळेबंदीत दुकान बंद होतं म्हणून भाडं माफ करा, अशी मागणी दिल्ली उच्च न्यायालयानं मे २०२० मध्ये नाकारली. भाडं भरायला थोडी मुदत मात्र दिली. भाडेकरारात तसं लिहिलेलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती.

तात्पर्य असं की तीन दिवस महामार्ग बंद राहिला म्हणून मोसंबीचा सौदा संपत नाही, भाव उतरला म्हणून व्यापाऱ्याला पाय मागे घेता येत नाही आणि भाव चढला म्हणून शेतकऱ्याला दुसरीकडे माल देता येत नाही. मांडव टाकायच्या दिवशीच संचारबंदी असेल, तर मात्र त्या दिवशीचं काम खरोखर बेकायदेशीर झालेलं असतं. दोन्हीतला फरक ओळखता आला तर पुढचं बोलणं सोपं होतं.

पहिल्या दिवशी काय करायचं

रस्ता बंद होण्याची चिन्हं दिसली किंवा पुराचा इशारा आला, की सगळे चालू सौदे एका कागदावर मांडा. प्रत्येकापुढे पाच गोष्टी लिहा: समोरचा कोण, काय द्यायचं-घ्यायचं, तारीख कोणती, आतापर्यंत किती पैसे दिले-घेतले आणि उशीर झाला तर काय ठरलं आहे. यातले अनेक सौदे तोंडी असतील. तोंडी करारही कायद्यानं करारच असतो, फक्त तो सिद्ध करणं अवघड असतं. म्हणून तोंडी सौद्यासमोर साक्षीला कोण होतं आणि इसार कसा दिला, रोख की फोनवरून, तेही लिहा.

मग कागद वाचा. नोटरीचा बाँड, कारखान्याचा छापील करार, खतांच्या कंपनीचा विक्रेता करार, विम्याची पॉलिसी, सगळं शेवटच्या पानापर्यंत वाचा. ‘नैसर्गिक आपत्ती’, ‘दैवी प्रकोप’, ‘अपरिहार्य परिस्थिती’ असे शब्द कुठे आहेत ते शोधा. त्या कलमात बहुतेक वेळा एक अट असते की अडचण आल्यापासून अमुक दिवसांत लेखी कळवावं. ती तारीख चुकली तर कलम असूनही हातातून जातं. १९ फेब्रुवारी २०२० रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयानं कोरोनामुळे खंडित झालेल्या पुरवठ्याला नैसर्गिक आपत्तीचं कलम लागू होईल असं कळवलं. त्याच पत्रकात हेही लिहिलं होतं की सूचना आपत्ती येताच द्यायला हवी, मागाहून हे कारण सांगता येणार नाही. सरकारी कंत्राटातही सूट मिळवायची तर आधी कळवावं लागतं.

आपत्तीच्या कलमाचं काम बहुतेक वेळा मुदत पुढे ढकलण्याचं असतं. अडथळा गेला की जबाबदारी पुन्हा सुरू होते. त्यामुळे कलम आहे म्हणून निवांत राहू नका, रस्ता कधी उघडतो याकडे लक्ष ठेवा.

पुरावा त्याच दिवशी जमवा

सहा महिन्यांनी ‘त्या दिवशी रस्ता बंद होता’ असं सांगणं पुरेसं नसतं. जिल्हाधिकाऱ्यांचा संचारबंदीचा किंवा जमावबंदीचा आदेश जपून ठेवा. अडकलेल्या गाडीचा, पाण्यात गेलेल्या शेताचा फोटो तारीख-वेळेसह काढा. ट्रकची बिल्टी, टोलची पावती, डिझेलचं बिल टाकून देऊ नका. अतिवृष्टी झाली असेल तर महसूल मंडळाची पावसाची नोंद मिळवा. वडीगोद्री हे स्वतंत्र महसूल मंडळ आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर सरकारी व्याख्येनुसार ती अतिवृष्टी असते, आणि या नोंदीवर वाद घालणं अवघड असतं. नुकसान झालं असेल तर पंचनाम्याचा अर्ज लगेच द्या आणि विमा असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

व्हॉट्सअॅपवरचे संदेश, कॉलच्या नोंदी, फोनवरून केलेले पैशांचे व्यवहार न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यासोबत ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे मूळ फोन जपा, चॅट पुसू नका. फोन बदलला तर जुन्या फोनमधला मजकूर नीट काढून ठेवा.

मालाची नासधूस गाडीत झाली असेल तर आणखी एक मुदत लक्षात ठेवा. रस्ते मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार वाहतूकदारावर दावा करायचा असेल, तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांत त्याला लेखी नोटीस गेलेली असावी लागते. नासलेल्या मोसंबीच्या दुःखात ही तारीख निसटून जाते.

कळवायचं कसं

आधी फोन करा, लगेच त्यापाठोपाठ संदेश पाठवा. मोठ्या रकमेचा सौदा असेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पत्रही पाठवा. इंटरनेट बंद असेल तर साधा एसएमएस करा. संदेशात सौद्याची ओळख, अडचण काय, किती माल अडला, तुम्ही काय करणार आणि समोरच्यानं काय, कधीपर्यंत कळवायचं, एवढं सगळं यावं. उदाहरणार्थ, बागायतदार व्यापाऱ्याला असं लिहू शकतो:

‘नमस्कार शेठ. १२ ऑगस्टला ठरल्याप्रमाणे ८ टन मोसंबी उद्या द्यायची आहे. आज सकाळपासून महामार्ग बंद आहे, टेम्पो फाट्यावर थांबलेला आहे, फोटो पाठवत आहे. २ टन फळ तोडून झालं आहे, बाकीचं झाडावर आहे, त्याची तोड थांबवली आहे. रस्ता सुरू झाल्यावर २४ तासांत माल पोचवतो. तोडलेला २ टन माल जवळच्या बाजारात मिळेल त्या भावानं विकू की ठेवू, ते आज संध्याकाळी ६ पर्यंत कळवा. उत्तर नाही आलं तर नासू नये म्हणून विकतो आणि हिशेब पाठवतो. सौदा कायम आहे.’

यात कुठेही रडगाणं नाही, आरोप नाही. शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. ‘सौदा कायम आहे’ असं लिहिल्यावर, तुम्हीच सौदा सोडला असं समोरच्याला म्हणता येत नाही.

तुम्हाला असा संदेश आला तर गप्प राहू नका. मान्य असेल तर ‘मान्य’ लिहा. अर्धंच मान्य असेल तर तेवढंच लिहा. माल उशिरा आला आणि तुम्ही तो घेतला, तर करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे उशिराची भरपाई मागायचा हक्क जातो. माल घेतानाच ‘भरपाई मागणार आहे’ असं कळवलं असेल तरच तो टिकतो. हमालाकडून गोणी उतरवून घ्यायच्या आधी एक ओळीचा संदेश टाकला तर हक्कही राहतो आणि मालही हातात येतो.

नुकसान वाढू देऊ नका

समोरच्यानं करार मोडला म्हणून माल सडू द्यायचा आणि मग पूर्ण किंमत मागायची, हे चालत नाही. कलम ७३ भरपाईचा हक्क देतं, पण नुकसान कमी करण्याचे कोणते उपाय तुमच्या हातात होते, हेही भरपाई ठरवताना पाहिलं जातं. व्यापारी आला नाही तर झाडावरचं फळ थांबवा, तोडलेलं जवळ विका, हिशेबपट्टी जपा. ठरलेला भाव आणि मिळालेला भाव यातला फरक मागता येतो.

मोसंबीच्या बागेचा सौदा झाडावर फळ असताना होतो, तिथे फळगळ कोणाची हा सगळ्यांत मोठा प्रश्न असतो. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते. मालकी कधी गेली, इसार देताच की तोड होताच, हे सौद्यात लिहिलेलं नसेल तर वाद अटळ असतो. पण त्याच कायद्यात असंही आहे की माल उचलायला ज्याच्यामुळे उशीर झाला, त्या उशिरानं झालेलं नुकसान त्याच्या माथी येतं. रस्ता उघडा असताना ठरल्या तारखेला व्यापारी तोडीला आला नाही आणि नंतर पावसात फळ गळालं, तर बागायतदाराच्या बाजूनं ही तरतूद उभी राहते. अट एकच, तोडीची तारीख लेखी असावी.

नव्यानं जमवून घ्या

करार कायद्याच्या कलम ६२ नुसार दोघांच्या संमतीनं जुना करार बदलता येतो किंवा त्याच्या जागी नवा करता येतो. कलम ६३ नुसार ज्याला काम करून घ्यायचं आहे, तो समोरच्याला मुदत वाढवून देऊ शकतो, काही भाग सोडून देऊ शकतो, त्यासाठी बदल्यात काही घेण्याचीही गरज नाही. संकटात हेच दोन दरवाजे सर्वांत उपयोगाचे आहेत आणि दोन्ही न्यायालयात न जाता उघडतात.

बोलायला बसताना चार मुद्दे वेगवेगळे ठेवा: तारीख, प्रमाण, भाव आणि पैसे. सगळे एकदम ओढले की बोलणं भावावर अडतं. तारीख आधी मिटवा, ती सहसा लवकर मिटते. मग प्रमाण पाहा. आठ टनांऐवजी पाच आता आणि तीन पुढच्या तोडीला असं करता येतं. भावाला शेवटी हात घाला. पुरवठा महागला असेल तर वाढीव वाहतूक खर्च अर्धा-अर्धा वाटून घेणं बहुतेकांना पटतं. पैशांचे हप्ते करायचे असतील तर तारखा आणि रक्कम ठरवा, ‘जमेल तसं’ असं लिहू नका.

मंगल कार्यालय, मांडव, केटरिंग यांच्या बाबतीत तारीख बदलून देणं हा दोघांचाही सन्मान राखणारा मार्ग आहे. टाळेबंदीत लग्नं पुढे गेली तेव्हा अनेक कुटुंबांना आगाऊ रक्कम परत हवी होती आणि कार्यालयवाल्यांनी ती तयारीत खर्च केलेली होती. कायदा असं सांगतो की करार अशक्य होऊन संपला असेल तर कलम ६५ नुसार घेतलेला फायदा परत करावा लागतो. कराराचा कागद तयार करतानाच किती टक्के परत, किती दिवसांत आणि तारीख बदलली तर किती फरक, हे लिहिलं असेल तर तोंड वाकडं न करता विषय संपतो.

ठरलं की लगेच पुरवणी करार लिहा. जुन्या कराराची तारीख, काय बदललं, बाकी सगळं पूर्वीप्रमाणे, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, एवढं पुरतं. आधी सिक्युरिटी म्हणून चेक दिलेले असतील तर त्यांचा क्रमांकासह उल्लेख करा, जुने परत घ्या. नवीन हप्ते ठरल्यावरही जुना चेक बँकेत टाकला गेला आणि वटला नाही, तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ चा फौजदारी खटला मागे लागू शकतो. मुद्रांकाचा हिशेबही पाहा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या बाँडची जागा पाचशेच्या बाँडनं घेतली आहे. मुद्रांक कमी असेल तर तो कागद दंडासह शुल्क भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही.

दंड, इसार आणि उचल

करारात ‘उशीर झाल्यास दिवसाला इतका दंड’ असं लिहिलेलं असतं. लिहिलेला आकडा आपोआप मिळतो असा समज आहे. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार न्यायालय त्या आकड्याच्या आत राहून रास्त भरपाई देतं. लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. दंड भरायची वेळ आली तर समोरच्याचं खरं नुकसान किती झालं हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

ऊसतोडीच्या उचलीचा विषय जास्त नाजूक आहे. हंगामाच्या आधी कारखाना किंवा वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम टोळीला वाटतो. मध्येच साथ आली, पूर आला, कोणी आजारी पडलं तर उचल फिटत नाही. उचलीचे पैसे कायदेशीर मार्गानं वसूल करता येतात. पण उचल फिटेपर्यंत माणसाला, त्याच्या बायकोमुलांना फडावर अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. हे प्रत्येक वाहतूकदारानं मनावर कोरून ठेवावं. करारातच लिहा की टोळीतलं कोणी दगावलं, अपंग झालं किंवा सरकारी आदेशानं काम थांबलं तर त्या माणसाची उचल पुढच्या हंगामात वळती होईल किंवा माफ होईल. कोयता हाती घेणाऱ्याच्या घरी एक संकट पुरेसं असतं, करारानं त्यात दुसरं घालू नये.

अडकलेले पैसे कसे काढायचे

संकटानंतर सर्वांत मोठी तक्रार उधारीची असते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमई कायदा फार मोठा आधार आहे. माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून करारात कितीही दिवस लिहिलेले असले तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. दाद मागायला सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषद आहे आणि तिच्याकडे घरबसल्या ऑनलाइन अर्ज करता येतो. जिनिंगची दुरुस्ती करणारं वर्कशॉप, पत्र्याचं काम करणारा, जेसीबीनं काम करून देणारा, पापड-मसाले बनवणारा बचत गट, यांनी उद्यम नोंदणी आजच करून ठेवावी. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र उद्यम नोंदणीवर या वसुलीचा लाभ मिळत नाही, हे ध्यानात ठेवा.

ऊस उत्पादकांसाठी १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत रास्त आणि किफायतशीर दरानं पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज देय होतं.

बाकी उधारीला तीन वर्षांची मुदत असते. त्या आत दावा करा, किंवा देणेकऱ्याकडून ‘इतके पैसे देणं आहे’ असा सही केलेला लेखी कबुलीजबाब घ्या. मुदत संपायच्या आत घेतलेल्या कबुलीपासून तीन वर्षं पुन्हा मोजली जातात. ओळखीचा माणूस आहे, सही कशी मागायची, असा संकोच करू नका. वर्षाच्या शेवटी खातं जुळवून दोघांनी सही करण्याची पद्धत ठेवली तर कोणालाच वाईट वाटत नाही.

तंटा झालाच तर

कोर्टाच्या तारखा संकटाइतक्याच महाग पडतात. म्हणून आधी लोकअदालतीचा विचार करा. तिथे तडजोड झाली की निवाडा अंतिम असतो, अपील नसतं आणि दावा आधी दाखल असेल तर कोर्ट फी परत मिळते. न्यायालयात न गेलेला वादही तालुका विधी सेवा समितीकडे नेता येतो. ३ लाख आणि त्यावरच्या व्यापारी वादात तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दावा करण्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे.

फार थोड्यांना माहीत असलेली एक तरतूद इथे सांगितलीच पाहिजे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार पूर, दुष्काळ, भूकंप किंवा मोठ्या आपत्तीच्या बळींना मोफत वकील मिळतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींनाही मिळतो. पुरात माल गेलेल्या छोट्या दुकानदारानं वकिलाच्या फीला घाबरून आपला हक्क सोडू नये.

पुढचा करार लिहिताना

संकटातलं सर्वांत चांगलं काम संकटाच्या आधी होतं. पुढच्या सौद्यात एक परिच्छेद जास्त लिहा. त्यात ‘आपत्ती’ हा मोघम शब्द पुरेसा नाही. आपल्या भागात जे होतं, ते नाव घेऊन लिहा आणि ते कशावरून ठरवायचं हेही लिहा. नमुना असा:

‘महामार्ग किंवा अंबड रस्ता २४ तासांहून जास्त बंद राहिला, जिल्हाधिकाऱ्यांनी संचारबंदी किंवा जमावबंदी लावली, वडीगोद्री महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला, किंवा गोदावरीच्या पुरामुळे शेतात वाहन जाऊ शकलं नाही, तर अडचणीत आलेल्या बाजूनं ४८ तासांत लेखी अथवा मोबाईल संदेशानं कळवावं. तितके दिवस मुदत आपोआप वाढेल, त्या काळाचा दंड लागणार नाही. तोडलेल्या मालाचं नुकसान दोघांनी निम्मं-निम्मं सोसावं. अडचण १५ दिवसांपेक्षा जास्त टिकली तर कोणीही सौदा सोडू शकेल, त्या वेळी इसारातून झालेला खर्च वजा करून उरलेली रक्कम ७ दिवसांत परत करावी. ही कलमं दोन्ही बाजूंना सारखी लागू राहतील.’

आकडे तुमच्या सोयीनं बदला, शेवटचं वाक्य मात्र ठेवा. मुंबईतल्या त्या पोलाद आयातदारांकडे हेच एक वाक्य नव्हतं.

कंपनीचा किंवा कारखान्याचा छापील करार आपल्याला बदलता येत नाही, असं वाटतं. सगळा बदलता येत नाही, हे खरं. पण आपत्तीचं कलम दोन्ही बाजूंनी लागू करा, सूचनेची मुदत दोन दिवसांऐवजी सात करा, एवढं मागायला हरकत नाही. एकट्यानं मागितलं तर दुर्लक्ष होतं. गावातल्या वीस बागायतदारांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीनं एकत्र मागितलं तर व्यापाऱ्यालाही ऐकावं लागतं.

आंबिया बहाराची मोसंबी बाजारात येते तेव्हा पावसाळा भरात असतो. ऊस तोडायला येतो तेव्हा टोळ्या आलेल्या असतात. म्हणून हे काम हंगामाच्या आधीच उरकायला हवं. या आठवड्यात एका संध्याकाळी तुमचे सगळे चालू सौदे एका वहीत उतरवा, त्यातले तोंडी सौदे कोणते ते खूण करा. खूण केलेल्या प्रत्येक माणसाला ‘आपलं असं ठरलं आहे, बरोबर ना?’ असा संदेश पाठवा आणि आलेलं उत्तर जपा.